हेडफोन आणि स्पीकर दोन्ही कायम जोडलेले ठेवायचे, तर बदल नेमका कुठे करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेस्कटॉपच्या मागच्या हिरव्या जॅकला स्पीकर लावलेत. समोर हेडफोन लावला की स्पीकर गप्प होतात, काढला की पुन्हा वाजू लागतात. दर वेळी वाकून पिन काढायची आणि घालायची याचा कंटाळा आला आहे. दोन्ही कायम जोडलेले असावेत आणि हवे तेव्हा हवे त्यातून ऐकू यावे, यासाठी एकाचे दोन करणारा स्प्लिटर घ्यावा का? शिवाय स्पीकरमधून सतत बारीक गुणगुण येते, तीही यातूनच येते का?

स्प्लिटरने काम होईल, पण तुम्हाला त्याची बहुधा गरज नाही. तुमच्या मदरबोर्डवर दोन स्वतंत्र आउटपुट आधीपासून आहेत, फक्त ड्रायव्हरने, म्हणजे साउंड चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, ती एकत्र बांधून ठेवली आहेत. ती सोडवली की पैसे न घालवता काम होते. गुणगुणीचे कारण वेगळे आहे, त्याकडे शेवटी येतो.

आवाज कुठून यावा हे साखळीत कुठेतरी ठरतच असते. जॅकच्या आतला स्विच, साउंड ड्रायव्हर, ऑपरेटिंग सिस्टिम किंवा स्पीकरचे स्वतःचे बटण, यांपैकी कोणीही ते ठरवू शकते. ठरवणारा एकच असला की सगळे सुरळीत चालते. 'कधी दोन्ही वाजतात, कधी एकही नाही' अशा ज्या तक्रारी येतात, त्यांत बहुतेकदा दोन जागी निर्णय घेतला जात असतो. म्हणून केबल विकत घेण्याआधी निर्णय कोणाच्या हाती द्यायचा ते पक्के करा. माझे मत विंडोजच्या बाजूने आहे.

स्पीकर गप्प का होतात ते आधी पाहू. १९९७ साली इंटेलने संगणकातल्या आवाजासाठी एसी ९७ हे मानक आणले. त्या पद्धतीत मागच्या जॅकला जाणारा आवाज आधी वायरीने कॅबिनेटच्या पुढच्या जॅकपर्यंत यायचा आणि तिथून परत मागे जायचा. पुढे पिन घातली की जॅकच्या आतली पत्ती उचलली जायची आणि परतीची वाट तुटायची. म्हणजे स्पीकर अक्षरशः तोडले जायचे, सॉफ्टवेअरचा त्यात काही संबंध नव्हता. कॅबिनेटला पुढचा जॅक नसेल तर बोर्डावर ५-६ आणि ९-१० या पिनांवर दोन छोटे जंपर, म्हणजे दोन पिना एकमेकींना जोडणाऱ्या टोप्या, बसवलेल्या असत. साफसफाई करताना कोणी त्या काढल्या की मागचा आवाजही जायचा, आणि साउंड कार्ड जळाले असे समजून लोक नवे आणायचे.

२००४ मध्ये एचडी ऑडिओ हे नवे मानक आले आणि ही रचना बदलली. आता पुढच्या आणि मागच्या जॅकला स्वतंत्र वायरी जातात. पिन घातली की जॅक फक्त 'काहीतरी लागले आहे' एवढीच खबर बोर्डावरच्या साउंड चिपला देतो. पुढे काय करायचे ते ड्रायव्हर ठरवतो. बहुतेक ड्रायव्हरांची ठरलेली सवय अशी की पुढे हेडफोन दिसला की मागचे स्पीकर बंद करायचे. तुमच्या यंत्रात हेच चालले आहे, आणि ही सवय बदलता येते.

तुमच्या बोर्डावर रिअलटेक या कंपनीची साउंड चिप असण्याची शक्यता मोठी आहे. तिचे नियंत्रण करणारे ॲप उघडा. जुन्या ड्रायव्हरात त्याचे नाव रिअलटेक एचडी ऑडिओ मॅनेजर, नव्यात रिअलटेक ऑडिओ कन्सोल किंवा ऑडिओ कंट्रोल. त्यात 'डिव्हाइस ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज' शोधा. तिथे प्लेबॅकखाली दोन पर्याय असतात. पुढे हेडफोन लागला की मागचे आउटपुट म्यूट करावे, हा पहिला. पुढच्या आणि मागच्या आउटपुटवर एकाच वेळी दोन वेगळे आवाज वाजवावेत, हा दुसरा. दुसरा निवडा आणि संगणक एकदा रीस्टार्ट करा. आता विंडोजच्या यादीत एका उपकरणाऐवजी दोन दिसतील: एक स्पीकर आणि दुसरे हेडफोन, किंवा 'रिअलटेक एचडी ऑडिओ सेकंड आउटपुट'. हे दुसरे नाव पाहून गोंधळू नका, ते तुमच्या पुढच्या जॅकचेच आहे.

ॲपच सापडत नसेल तर विंडोजने आपला साधा ड्रायव्हर बसवलेला असू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसते 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' असे लिहिलेले दिसले तर तसेच समजा. मदरबोर्ड कंपनीच्या पानावरून तुमच्या मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर घ्या. नव्या पिढीच्या ड्रायव्हरसोबत नियंत्रणाचे ॲप येत नाही, ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळे येते. इथे लोक अडतात आणि ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात. उलट काही बोर्डांवर विंडोजचा साधा ड्रायव्हरच पुढचा आणि मागचा जॅक वेगळा दाखवतो. तसे असेल तर काही न छेडता पुढे जा.

दोन उपकरणे दिसू लागली की उरलेले काम सोपे आहे. नव्या विंडोज ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि व्ही या कळा एकत्र दाबल्या की आउटपुटची यादी उघडते, हवे ते निवडायचे. विंडोज १० मध्ये टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून वर दिसणाऱ्या नावावर दाबले की तीच यादी मिळते. दिवसातून बऱ्याचदा बदल करणाऱ्यांनी साउंडस्विच हे फुकट सॉफ्टवेअर टाकावे, एका कळेवर काम होते.

विंडोजच्या हाती निर्णय द्यावा असे मी म्हणतो त्याचे मोठे कारण हे की प्रत्येक उपकरणाचा आवाज विंडोज वेगळा लक्षात ठेवते. स्पीकर ८० वर आणि हेडफोन २० वर, बदलले की आपोआप आपापल्या जागी. स्प्लिटरला हे जमत नाही. स्पीकरसाठी चढवलेला आवाज तो हेडफोनमध्येही तसाच ओततो, आणि रात्री हेडफोन डोक्यावर चढवताक्षणी कानठळ्या बसतात.

शिवाय २०१८ च्या एप्रिल अपडेटपासून विंडोज १० मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळे आउटपुट देता येते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग साउंड, आणि तिथे विंडोज १० मध्ये 'ॲप व्हॉल्यूम अँड डिव्हाइस प्रेफरन्सेस', विंडोज ११ मध्ये व्हॉल्यूम मिक्सर. गाणी स्पीकरवर, गेम हेडफोनवर अशी वाटणी करा, ती टिकून राहते. काही प्रोग्रॅम सुरू होताना जे आउटपुट पकडतात तेच धरून ठेवतात. बदल केल्यावर फरक पडला नाही तर तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा.

याहून जुनी पण आजही उपयोगी अशी एक सोय कंट्रोल पॅनेलच्या साउंड खिडकीत आहे. तिथे 'डिफॉल्ट डिव्हाइस' आणि 'डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस' अशा दोन वेगळ्या नेमणुका करता येतात. पहिली स्पीकरला आणि दुसरी हेडफोनला द्या. मग मीटिंगचे, कॉलचे प्रोग्रॅम साधारणपणे हेडफोन धरतात आणि बाकी सगळे स्पीकरवर वाजते. ज्यांना फक्त कॉलपुरता हेडफोन लागतो, त्यांना रोज काही बदलावेच लागत नाही.

आता पुढचा जॅक मुळातच चालत नसेल तर. कॅबिनेट उघडा आणि पुढून येणारी ऑडिओची वायर बोर्डावरच्या नऊ पिनांच्या हेडरला लागली आहे का पाहा. जुन्या कॅबिनेटच्या वायरीला दोन तोंडे असतात, एकावर एचडी ऑडिओ आणि दुसऱ्यावर एसी ९७ लिहिलेले. लावायचे ते एचडी ऑडिओ. चुकून दुसरे लावले तर आवाज येतो, पण पिन लागल्याची खबर चिपपर्यंत नीट जात नाही आणि ड्रायव्हर मनमानी करतो. कॅबिनेटच एसी ९७ च्या काळातले असेल तर रिअलटेकच्या ॲपमध्ये पुढच्या जॅकची ओळख बंद करण्याचा पर्याय निवडा. काही बोर्डांच्या बायोसमध्येही, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्येही, पुढच्या पॅनेलचा प्रकार निवडता येतो.

पुढचा जॅक वापरायचाच नसेल, तर मागेही जागा असते. संगणक बनवणाऱ्यांसाठीच्या पीसी ९९ या मार्गदर्शिकेने जॅकचे रंग ठरवले: हिरवा आउटपुट, गुलाबी माइक, निळा लाइन इन. पण एचडी ऑडिओच्या चिपमध्ये बऱ्याच जॅकची भूमिका बदलता येते. निळ्या जॅकला पिन लावल्यावर रिअलटेकची खिडकी 'काय लावले?' असे विचारते, तिथे हेडफोन हा पर्याय दिसला तर तो द्या. लिनक्सवर हेच काम एचडीए जॅक रीटास्क नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. काळा किंवा नारिंगी जॅक मात्र सोडून द्या. ते मागच्या, मधल्या आणि सबवूफर स्पीकरचे मार्ग आहेत, साध्या स्टिरिओ गाण्यात तिथे काहीच येत नाही.

स्प्लिटरकडे वळू, कारण तुम्ही तेच विचारले होते. बाजारात दिसायला सारखे तीन प्रकार असतात आणि चुकीचा घेणे फार सोपे आहे. तुम्हाला हवा तो एक पिन आणि दोन सॉकेट असलेला, आणि त्याच्या पिनवर दोन काळे पट्टे असतात, म्हणजे तीन भाग. पिनवर तीन पट्टे, म्हणजे चार भाग, दिसले तर तो हेडफोन आणि माइक वेगळे करणारा आहे. त्याच्या एका सॉकेटात स्पीकर लावला तर आवाजच येणार नाही. एक सॉकेट आणि दोन पिना असलेला तिसरा प्रकार मोबाइलचा चार भागांचा हेडसेट डेस्कटॉपच्या हिरव्या आणि गुलाबी जॅकला लावण्यासाठी असतो. तोही उपयोगी आहे, पण या कामाचा नाही.

योग्य स्प्लिटर मिळाला तरी एक गंमत होते. हेडफोन लावला की स्पीकरचा आवाज आपोआप उतरतो, आणि लोक स्प्लिटर खराब निघाला म्हणून परत करतात. खरे कारण जॅकच्या आतल्या रोधात, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यात, असते. ॲम्प्लिफायर आत असलेल्या स्पीकरचा इनपुट रोध साधारण १० किलोओहम किंवा त्याहून जास्त असतो, म्हणजे तो जॅकमधून जवळजवळ काहीच प्रवाह खेचत नाही. नेहमीच्या हेडफोनचा रोध ३२ ओहमच्या आसपास असतो, तो बऱ्यापैकी खेचतो. समजा मागच्या जॅकचा स्वतःचा रोध १०० ओहम आहे. नुसते स्पीकर असतील तर त्यांना जवळपास पूर्ण व्होल्टेज मिळते. सोबत ३२ ओहमचा हेडफोन लागला की वाटणी ३२ भागिले १३२ अशी होते, म्हणजे जेमतेम पाव व्होल्टेज उरते. डेसिबलमध्ये ही घट १२ ची आहे, कोणालाही ऐकू येईल अशी. शिवाय अनेक हेडफोनचा रोध प्रत्येक स्वराला सारखा नसतो, त्यामुळे आवाजाचा बाजही बदलतो आणि तो बदल स्पीकरवरही उमटतो. तोच जॅक हेडफोनसाठी बनवलेला असेल आणि त्याचा रोध २ ओहम असेल, तर ३२ भागिले ३४, फरक कळणारसुद्धा नाही. म्हणून स्प्लिटर वापरायचाच असेल तर हेडफोन चालवायला सक्षम असलेल्या जॅकला लावा. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत हेडफोन ॲम्प्लिफायर कोणत्या जॅकला आहे ते लिहिलेले असते, आणि बऱ्याचदा तो पुढचाच असतो.

स्प्लिटरने बोर्ड जळेल ही भीती अनाठायी आहे. मात्र तो उलटा वापरू नका. दोन आउटपुट एकत्र करून एका स्पीकरला जोडण्यासाठी, उदाहरणार्थ संगणक आणि मोबाइल दोन्हीसाठी, हा तुकडा चालत नाही. दोन आउटपुट एकमेकांविरुद्ध जोर लावतात, आवाज विद्रूप होतो आणि आउटपुटवर नको तो ताण येतो. त्यासाठी मिक्सर किंवा निवडीचा स्विच हवा.

निवडीचा स्विच म्हणजे एक इनपुट, दोन आउटपुट आणि मध्ये एक खटका असलेली छोटी डबी. तिला वीज लागत नाही, ड्रायव्हर लागत नाही, आणि एका वेळी एकच वाट चालू असल्याने वर सांगितलेला रोधाचा घोळही होत नाही. सॉफ्टवेअरशी खेळायला नको असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या संगणकाला मी हीच सुचवतो. आवाजाची पातळी मात्र दोन्हीसाठी एकच राहते.

हे सगळे करण्याआधी स्पीकरकडे एकदा नीट पाहा. अनेक डेस्कटॉप स्पीकरांच्या पुढच्या बाजूला किंवा वायरवरच्या नियंत्रकावर हेडफोनचा जॅक असतो. तिथे हेडफोन लावला की स्पीकर बंद होतात. आवाजाची गुणवत्ता बेताची असते, काही ठिकाणी फुसफूस ऐकू येते, पण ऐकण्याचा फार सोस नसेल तर प्रश्न तिथेच मिटतो. मॉनिटरवरही असा जॅक असू शकतो. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या केबलमधून आवाजही जातो आणि मॉनिटर तो त्या जॅकमधून बाहेर देतो. विंडोजला हे आपोआप तिसरे उपकरण म्हणून दिसते.

खर्च करायचा असेल तर एक यूएसबी डॅक, म्हणजे यूएसबीला लावायचे बाहेरचे छोटे साउंड कार्ड, घ्या आणि हेडफोन त्याला लावा, स्पीकर बोर्डाच्या मागच्या जॅकलाच राहू द्या. दोन पूर्ण स्वतंत्र उपकरणे होतात, रिअलटेकच्या सेटिंगची गरजच उरत नाही. कॅबिनेटमधली पुढच्या जॅकची वायर ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाताना जी किरकिर उचलते, तीही जाते. २५० किंवा ३०० ओहमचा हेडफोन असेल तर ॲम्प्लिफायर जोडलेला डॅक हवाच. काही डॅकना मागे स्पीकरसाठी आणि पुढे हेडफोनसाठी अशी दोन्ही आउटपुट असतात. अशा वेळी विकत घेण्याआधी एकच गोष्ट विचारा: हेडफोन लावल्यावर मागचे आउटपुट आपोआप बंद होते, बटणाने बदलते, की दोन्ही चालूच राहतात? तिन्ही तऱ्हेचे डॅक मिळतात आणि जाहिरातीत हे क्वचितच लिहिलेले असते.

ज्या स्पीकरना ना विजेची वायर आहे ना बॅटरी, नुसत्या दोन तारा बाहेर आल्या आहेत, ते कोणत्याही जॅकला थेट लावू नका. त्यांना वेगळा ॲम्प्लिफायर लागतो.

दोन्हीतून एकाच वेळी तोच आवाज हवा असेल, म्हणजे एकाला ऐकायला कमी येते म्हणून तो हेडफोन लावतो आणि बाकीचे स्पीकरवर ऐकतात, तर स्प्लिटर हाच सर्वांत बरा उपाय. विंडोजमध्ये रेकॉर्डिंग टॅबमधले स्टिरिओ मिक्स चालू करून, त्याच्या 'लिसन' टॅबमधून आवाज दुसऱ्या उपकरणाला पाठवता येतो, पण तो किंचित उशिरा पोहोचतो. व्हॉइसमीटर हा आभासी मिक्सर हेच काम अधिक नीट करतो, शिकायला मात्र वेळ द्यावा लागतो. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये मल्टी-आउटपुट डिव्हाइस बनवा आणि दुय्यम उपकरणाला ड्रिफ्ट करेक्शन लावा, कारण दोन उपकरणांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. मग मुख्य आवाजाची पट्टी निकामी होते, ते तसेच असते. लिनक्सवर पल्सऑडिओचे कम्बाइन सिंक हे करते. आणि लिनक्सवर हेडफोन लावताच स्पीकर बंद होणे थांबवायचे असेल तर अल्सामिक्सरमध्ये ऑटो-म्यूट मोड डिसेबल करा.

ब्लूटूथ हेडफोन आपोआप वेगळे उपकरण होतो, त्यामुळे जोडणीचा प्रश्नच येत नाही. पण त्याचा माइक सुरू झाला की जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो. वायरच्या स्पीकरसोबत एकाच वेळी वाजवला तर तो स्पष्टपणे मागे पडतो. कॉलसाठी माइक वेगळा ठेवा.

आता गुणगुण. हेडफोनचा आणि तिचा संबंध बहुधा नाही. स्पीकर चालू ठेवा आणि त्यांची पिन फक्त संगणकातून काढा, स्पीकरच्या बाजूने केबल तशीच राहू द्या. पिनच्या धातूला हात लावू नका. गुणगुण चालूच राहिली तर दोष स्पीकरमध्ये किंवा केबलमध्ये आहे. थांबली तर आवाज संगणकाकडून येतो आहे. माउस हलवल्यावर किंवा गेम सुरू केल्यावर तिचा सूर बदलत असेल तर ती आतल्या विजेची कुरकुर आहे. सूर एकसारखा जाड असेल तर संगणक आणि स्पीकर यांच्या अर्थिंगमधून बनलेले वर्तुळ, म्हणजे ग्राउंड लूप. पहिला उपाय फुकट आहे: दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. त्याने भागले नाही तर स्पीकरच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे दोन्ही बाजूंचा विजेचा थेट संबंध तोडून फक्त आवाज पुढे नेणारा तुकडा, घाला. तो हेडफोनच्या वायरीत घालू नका, त्या कामासाठी तो बनलेला नाही. संगणकाला आणि स्पीकरला दोन्हीकडे ऑप्टिकल जॅक असेल तर त्याहून बरे, कारण त्या केबलीतून प्रकाश जातो, वीज जात नाही, आणि वर्तुळ पूर्णच होत नाही. प्लगची अर्थची पिन तोडून किंवा टेप लावून गुणगुण घालवण्याचा सल्ला कुठेही सर्रास मिळतो. गुणगुण खरोखर जाते, पण उपकरणात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या अंगावर वीज उतरते आणि ती जायला तुमच्या शरीराशिवाय वाट राहत नाही. ते अजिबात करू नका.